आधी मैदानातले दोन खुंट शोधा, मग भिंत रंगवा

खुले पत्र

प्रति,
मा. विभागप्रमुख,
मैदान व क्रीडासुविधा व्यवस्थापन,
ठाणे

विषय: गॅलरीखालची खोली रिकामी करण्याची नोटीस, भिंतीवरचा 'क्लबचा इतिहास' आणि ट्रॅक आखण्याचे दोन खुंट

महोदय,

आमच्या ॲथलेटिक्स क्लबच्या खोलीच्या दारावर आपली नोटीस चिकटवली आहे. पंधरा दिवसांत खोली रिकामी करा, आतले 'निरुपयोगी साहित्य' भंगारात काढले जाईल, असे त्यात म्हटले आहे. त्याच आठवड्यात आपल्या ठेकेदाराकडून दुसरा कागद आला. प्रवेशद्वाराच्या भिंतीवर क्लबचा इतिहास रंगवायचा आहे, तेवढा मजकूर नजरेखालून घाला, अशी त्यात विनंती आहे. दोन्ही कागद एकाच कार्यालयातून निघाले, पण वाटेत त्यांची गाठ पडलेली दिसत नाही. ज्या कागदांवरून इतिहास लिहायचा तेच पहिल्या कागदाने रद्दीत घातले आणि दुसऱ्याने भिंतीवर रंग चढवायला घेतला.

हे पत्र उघड लिहितो आहोत, कारण मैदान सगळ्यांचे आहे. नौपाडा, राबोडी, कळवा, वागळे इस्टेट इथून रोज पहाटे मुले सरावाला येतात. त्यांच्या पालकांनाही हे समजावे. आम्ही लिहिणारे म्हणजे मैदान आखणारे, टाइमकीपर आणि क्लबचे दप्तर सांभाळणारे. बक्षीस समारंभात आमची कुणाला आठवण होत नाही, त्याचे काही नाही. पण निकालपत्रकावर सही आमची असते. चुकीचा आकडा भिंतीवर चढला तर त्याचा जाबही लोक आम्हालाच विचारणार.

आधी खोलीबद्दल. 'निरुपयोगी' ठरवण्यापूर्वी आत काय आहे याची यादी कुणी केलेली नाही. ती अशी: निकालपत्रकांचे गठ्ठे, त्यांतले निम्मे सायक्लोस्टाइलचे आणि काही कार्बन कॉपी. मैदान आखण्याची वही. ५० मीटरची पोलादी टेप. चावीची स्टॉपवॉच. लाकडी अडथळे. गंजलेल्या टोकाचे चार भाले. भंगारवाला यातले लोखंड किलोवर घेईल आणि कागद रद्दीच्या भावाने. आता यातल्या दोनच वस्तूंचा उपयोग सांगतो.

पहिली वस्तू स्टॉपवॉच. जुन्या चावीच्या घड्याळांपैकी काही सेकंदाचा पाचवा भाग दाखवत, काही दहावा. एखाद्या वर्षाच्या पत्रकातल्या सगळ्या वेळांचे शेवटचे आकडे ०, २, ४, ६, ८ एवढेच असतील, तर त्या वर्षी पंचमांश घड्याळ वापरले असे समजायचे. म्हणजे ११.२ आणि ११.३ असा फरक त्या घड्याळाला दिसतच नव्हता. दुसरी वस्तू भाला. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर फेक केली आणि मैदाने अपुरी पडू लागली. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवला गेला. तेव्हापासून भाला लवकर नाक खाली घालतो, आधी टोकावर पडतो आणि फेक कमी भरते. महिलांचा भाला १९९९ मध्ये बदलला. दोन्ही काळांतल्या फेकी एकाच यादीत ठेवता येत नाहीत, म्हणून जागतिक विक्रमांची मोजणीसुद्धा नव्याने सुरू झाली. खोलीतल्या चार भाल्यांपैकी कोणता कुठल्या काळातला, याचा अंदाज बोटावर तोलून टोकापासूनचे अंतर मोजले की येतो. भंगारात गेल्यावर कशावर तोलणार?

आता भिंतीचा मजकूर. ठेकेदाराने तो आठवडाभरात उरकला असणार, असे वाचताना वाटते. अक्षर सुबक आहे, पदाधिकाऱ्यांची नावे खेळाडूंच्या नावांपेक्षा मोठ्या टाइपात आहेत (हा दोष एकट्या ठेकेदाराचा नाही), आणि आकडे एकमेकांत मिसळले आहेत.

सर्वांत मोठी गल्लत वेळांची. हाताने घेतलेली वेळ आणि विजेच्या यंत्राने घेतलेली वेळ एकाच रकान्यात, एकाखाली एक लिहिल्या आहेत. टाइमकीपर पिस्तुलाचा धूर पाहून बोट दाबतो, आणि धूर दिसून बोट हलेपर्यंत थोडा वेळ गेलेलाच असतो. शर्यत संपताना मात्र धावपटू समोरून येताना दिसतो, त्यामुळे बोट वेळेवर पडते. म्हणून हाताची वेळ कायम कमी, म्हणजे धावपटूच्या फायद्याची भरते. तुलनेसाठी १०० आणि २०० मीटरच्या हातवेळेत ०.२४ सेकंद मिळवतात, ४०० मीटरला ०.१४. मिल्खासिंग यांची १९६० च्या रोममधली वेळ हे याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण आहे. हाताच्या घड्याळावर ४५.६, यंत्रावर ४५.७३. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त एकाच यादीत ते शेजारी बसत नाहीत. समजा एकाची हातवेळ १०.९ आहे आणि दुसऱ्याची यंत्राची ११.०२. आपल्या भिंतीवर पहिला वर जाईल. पण १०.९ मध्ये ०.२४ मिळवले की ११.१४ होतात, म्हणजे दुसरा जलद. चुकीचा माणूस वर्षानुवर्षे पहिल्या ओळीत राहील, आणि तो रंग काही लवकर उडणार नाही.

हातवेळेचेही नियम आहेत आणि ते पत्रकावर दिसतात. तीन घड्याळांपैकी दोन जुळली तर ती वेळ. तिन्ही वेगळी आली तर मधली. दोनच घड्याळे असतील तर जास्तीची. वेळ नेहमी पुढच्या दशांशाला नेतात, १०.११ आली तर १०.२. उडी आणि फेक मात्र खालच्या पूर्ण सेंटिमीटरला आणतात. दोन्हीकडे शंकेचा फायदा खेळाडूला नाही, हे लक्षात घ्या. मजकुरात एक हातवेळ शतांशापर्यंत दिली आहे. म्हणजे ती एकतर कुणी डिजिटल घड्याळावरून नियम न लावता उतरवली, किंवा शेवटचा आकडा घरचाच आहे. मूळ पत्रकावर तीन घड्याळांचे तीन आकडे असतात. ते पाहिले की उलगडा होतो. ते पत्रक त्याच खोलीत आहे.

वाऱ्याचा तर मजकुरात उल्लेखच नाही. १००, २०० मीटर, लांब उडी आणि तिहेरी उडी यांत पाठीमागचा वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असेल तर शर्यतीचा निकाल राहतो, विक्रम धरत नाहीत. जुन्या पत्रकांत वारामापक नव्हता, तिथे 'वारा मोजला नाही' एवढे तीन शब्द लिहावेत. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

मग यार्ड आणि मीटर. जुन्या पत्रकांतल्या शर्यती १००, २२० आणि ४४० यार्डांच्या आहेत. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. ती वेळ '१०० मीटर' म्हणून छापली तर तो धावपटू देशातल्या मोठमोठ्यांना मागे टाकतो. उलट ४४० यार्ड म्हणजे ४०२.३४ मीटर, तिथे त्याचे नुकसान होते. गोळ्याचेही तेच. पुरुषांचा गोळा ७.२६ किलो, २० वर्षांखालच्या मुलांचा ६ किलो, १८ खालच्यांचा ५ किलो. वजन न लिहिता नुसती फेक लिहिली की सतरा वर्षांचा मुलगा खुल्या गटाचा विक्रमवीर ठरतो. अडथळ्यांच्या शर्यतीत उंची लिहिली नाही तर हाच घोळ. ११० मीटरला पुरुषांचा अडथळा १०६.७ सेंटिमीटरचा, कनिष्ठांचा त्याहून बुटका.

उंच उडीची यादी वाचताना एक गोष्ट मनात ठेवावी लागते. १९६८ मध्ये मेक्सिकोत डिक फॉसबरी पाठीवर उडी मारून जिंकला आणि पुढे सगळे जग तसे उडू लागले. पण पाठीवर पडायला फोमची गादी लागते. वाळूच्या खड्ड्यात तशी उडी मारली तर मान मोडेल. म्हणून गादी येईपर्यंत उडी कात्री पद्धतीची किंवा पोटावर वळून. पत्रकाच्या शेऱ्याच्या रकान्यात 'वाळू' किंवा 'गादी' लिहिलेले आहे. मजकूर लिहिणाऱ्याने तो रकाना पाहिला असता तर आकडे एकदम का वाढले याचे श्रेय त्याने 'नव्या पिढीच्या जिद्दीला' दिले नसते. जिद्द आधीच्यांतही होती, गादी नव्हती.

एका वाक्याने आम्हाला खरोखर त्रास झाला. 'महिलांचा सहभाग उशिरा सुरू झाला.' महिलांच्या रकान्यात जुन्या काळी रिकाम्या जागा आहेत हे खरे. पण त्यांतले अनेक प्रकारच स्त्रियांसाठी ठेवलेले नव्हते. ऑलिंपिकमध्ये महिलांची ८०० मीटर १९२८ मध्ये धावली गेली, मग काढून टाकली, ती १९६० मध्ये परत आली. १५०० मीटर १९७२, मॅरेथॉन १९८४, तिहेरी उडी १९९६, पोल व्हॉल्ट आणि हातोडाफेक २०००, ३००० मीटर स्टीपलचेस २००८. स्टीपलचेस आल्यावर आठच वर्षांत, २०१६ च्या रिओमध्ये, साताऱ्याची ललिता बाबर अंतिम फेरीत धावत होती. 'उशिरा सुरू झाला' या शब्दांत दोष मुलींवर येतो. ते वाक्य काढा आणि त्या जागी स्पर्धांची ही वर्षे लिहा.

स्थापनेच्या वर्षाबद्दल थोडक्यात. मजकुरात नोंदणी प्रमाणपत्रावरचे वर्ष घेतले आहे. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखालची नोंदणी हे कागदाचे वर्ष. सराव आणि स्पर्धा त्याआधीपासून चालू असू शकतात, आणि पहिले तारीखवार निकालपत्रक त्याचा पुरावा असते. दोन्ही वर्षे द्या, कोणते कशाचे तेही द्या.

'जिल्हा विक्रम' हा शब्दही जपून वापरावा लागतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला. त्याआधीच्या ठाणे जिल्ह्याच्या निकालांत डहाणू, जव्हार, वाडा, वसईचे धावणारे आहेत. लांब पल्ल्याच्या शर्यतींत ते फार पुढे असत. आजच्या हद्दीवरून त्यांना वगळले तर मागच्या स्पर्धेत नसलेला विजेता निर्माण होतो. तसेच १ मे १९६० पूर्वीचे 'राज्य' म्हणजे मुंबई राज्य, त्यात आजचा गुजरातही होता. तारीख आणि त्या वेळची हद्द लिहिली की वाद संपतो.

आता सर्वांत महत्त्वाची तक्रार. मैदानावर लाल मातीचा नवा थर टाकून रोलर फिरवायचे काम आपण काढले आहे. त्याला विरोध नाही, माती हवीच होती. पण त्या थराखाली दोन खुंट गाडले जाणार आहेत.

आमच्या मैदानावर ४०० मीटरचा ट्रॅक बसत नाही. त्याला सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या, वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर आणि आठ लेन धरल्या की सुमारे १७७ बाय ९३ मीटर जागा लागते. म्हणून इथला ट्रॅक २०० मीटरचा, सहा लेनचा, फक्कीने आखलेला. सरळ बाजू ३५ मीटर, आतल्या रेषेची त्रिज्या २०.४९ मीटर. दोन्ही वळणांचे मध्य म्हणजे ते दोन खुंट. काँक्रीटमध्ये रोवलेले लोखंडी पाइप, एकमेकांपासून ३५ मीटरवर. दरवर्षी फक्की पावसात वाहून जाते, पण खुंटाला तार अडकवून वळण पुन्हा तिथेच ओढता येते. तारच लागते, सुतळी ताणली जाते आणि वळण अंड्यासारखे येते. ट्रॅकवर झालेल्या प्रत्येक वेळेचा आधार हे दोन पाइप आहेत. ते हरवले तर मागची कोणतीही वेळ खरोखर २०० मीटरची होती हे दाखवता येणार नाही, आणि पुढच्या आखणीला सुरुवातीचा बिंदू राहणार नाही.

ठेकेदाराच्या नकाशात याची चुणूक आधीच दिसली आहे. त्याने दुसऱ्या लेनचा एका फेरीचा स्टॅगर, म्हणजे बाहेरच्या लेनची सुरुवात जितकी पुढे सरकवतात ते अंतर, ७.०४ मीटर दाखवला आहे. हा आकडा ४०० मीटरच्या ट्रॅकच्या तक्त्यातून उचललेला आहे. गंमत अशी की स्टॅगर त्रिज्येवर अवलंबून नसतो, त्यामुळे ट्रॅक लहान असल्याने काही बिघडले नसते. बिघडले ते कर्बमुळे. पक्क्या ट्रॅकला आतल्या कडेने ५ सेंटिमीटर उंच कर्ब, म्हणजे बुटका काठ, असतो, धावणारा त्याच्यापासून लांब राहतो, म्हणून पहिली लेन कर्बपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात आणि बाकीच्या आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटरवर. आपल्याकडे कर्ब नाही, नुसती फक्की. तेव्हा पहिली लेनही २० सेंटिमीटरवरच मोजायची. मग दोन लेनमधला फरक पूर्ण लेनइतका, १.२२ मीटर, आणि एका फेरीचा स्टॅगर ७.६७ मीटर. तिसरीला १५.३३, सहावीला ३८.३३. ठेकेदाराच्या नकाशाप्रमाणे आखले तर दुसरी ते सहावी, प्रत्येक लेनमधला धावपटू पहिल्या लेनवाल्यापेक्षा ६३ सेंटिमीटर जास्त धावेल. २५ सेकंदांत २०० मीटर धावणाऱ्या मुलीला ६३ सेंटिमीटर म्हणजे सेकंदाचे आठ शतांश. निवड चाचणी तेवढ्यावर जाते.

खुंट शोधणे अवघड नाही. आखणीच्या वहीत प्रत्येक खुंटाचे गॅलरीच्या दोन खांबांपासूनचे अंतर लिहिलेले आहे. दोन टेपा दोन खांबांवरून ओढायच्या, त्या जिथे छेदतात तिथे खणायचे. माती टाकण्यापूर्वी हे तासाभराचे काम आहे. माती दाबून झाल्यावर तेच काम अर्ध्या दिवसाचे होते आणि नवा पृष्ठभाग दोन ठिकाणी फोडावा लागतो. वरातीमागून घोडे नाचवायचे कशाला? खुंटांवर नव्या पातळीपर्यंत पाइपाचा जोड द्यावा, वर आटे असलेले झाकण बसवावे, म्हणजे कुणी अडखळणार नाही. मात्र वहीही त्या खोलीतच आहे, हे पुन्हा सांगायला नको.

राहिला पावसाळा. नोटिशीची मुदत ऐन जूनमध्ये संपते. ठाण्याच्या हवेत खाडीचा दमटपणा असतोच, त्यात जून ते सप्टेंबर कागद हलवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. टाचण्या गंजून कागदाला भोके पडली आहेत, त्या काढून पितळी क्लिपा लावायला हव्यात. सेलोटेपने जोडलेली पाने पिवळी पडून तुटतात. लॅमिनेशन तर अजिबात करू नये, एकदा केले की सुटत नाही आणि आतला ओलावा आतच राहतो. भिजलेले पान उन्हात टाकायचे नसते, सावलीत पंख्याखाली टिपकागदावर वाळवायचे असते. छापणाऱ्या घड्याळांच्या थर्मल पट्ट्या सर्वांत आधी जातात. त्यांवरची अक्षरे काही वर्षांत फिकी होतात, म्हणून त्या पहिल्यांदा स्कॅन कराव्यात. खोली बदलायचीच असेल तर आधी ३०० डीपीआयवर स्कॅन, मग हलवाहलव. कपाट भिंतीला टेकवू नये, वीतभर अंतर ठेवावे, खाली विटा घालाव्यात. वाळवी भिंतीतूनच येते.

आमच्या मागण्या अशा:

१. खोली रिकामी करण्याच्या नोटिशीला ऑक्टोबर अखेरपर्यंत लेखी स्थगिती द्यावी.

२. आपला एक कर्मचारी आणि क्लबचे दोघे यांनी मिळून खोलीतल्या प्रत्येक वस्तूची छायाचित्रांसह यादी करावी. यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या होईपर्यंत एकही वस्तू भंगारात जाऊ नये.

३. पर्यायी जागा द्यायची असल्यास दहा बाय बारा फुटांची, गळत नसलेली खोली पुरे. दोन लोखंडी कपाटे आम्ही आणू.

४. मातीचा थर टाकण्यापूर्वी दोन्ही खुंट उघडे करून त्यांची उंची वाढवावी. ट्रॅकची लांबी आमच्यासमोर पोलादी टेपने मोजावी, कापडी किंवा फायबरच्या टेपने नको. ती सकाळी मोजावी. टेप २० अंशांना प्रमाणित असते, ३५ अंशांच्या उन्हात ती लांबते आणि २०० मीटरमागे सुमारे साडेतीन सेंटिमीटरची चूक देते. नियमात ४०० मीटरच्या ट्रॅकला कमी अंतर मुळीच चालत नाही, जास्तही फक्त ४ सेंटिमीटरपर्यंत. आपल्या ट्रॅकला तोच कडकपणा लावावा.

५. नकाशातला स्टॅगर दुरुस्त करून नवा नकाशा मैदानाच्या फलकावर लावावा.

६. भिंतीवरचा मजकूर मूळ पत्रकांशी ताडून पाहिल्याशिवाय रंगवू नये. प्रत्येक विक्रमासोबत तारीख, मैदान, हातवेळ की यंत्रवेळ, वारा, आणि फेकीत साहित्याचे वजन लिहावे. जागा कमी पडत असेल तर पदाधिकाऱ्यांची नावे लहान करावीत, आमच्या कुणाची हरकत नाही.

यावर ३० दिवसांत लेखी उत्तर मिळावे. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तरी तेवढीच मुदत असते, तेव्हा ती वेळ न येता उत्तर आले तर दोघांचेही काम वाचेल.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही टेपा, तार, फावडे आणि आखणीची वही घेऊन गॅलरीच्या पहिल्या खांबाजवळ असू. आपण फक्त कनिष्ठ अभियंत्याला आणि ठेकेदाराच्या माणसाला नकाशा घेऊन पाठवा. ऊन चढायच्या आत दोन्ही खुंट सापडतील.

आपले,
क्लबचे दप्तरदार, टाइमकीपर आणि मैदान आखणारे,
ठाणे

प्रत: मैदानाचा सूचना फलक, सरावाला येणारे खेळाडू आणि पालक